जेवणानंतर

येरळापूरच्या लोकांनी आजवर सगळ्यांना नावं ठेवली होती, पण गटाराला नाव ठेवायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. महापालिकेनं प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, मैलापाण्याच्या चेंबरमध्ये, तळहाताएवढी एक डबी बसवली होती. सरकारी कागदावर तिचं नाव होतं 'मलजल आहारमापक'. हे नाव एका दमात उच्चारणारा माणूस आरोग्य विभागातसुद्धा सापडत नसे. आठवडाभरात गावानं तिचं बारसं केलं आणि नाव ठेवलं 'सासू'. घरात कोण काय खातं हे न बघता ओळखणारी दुसरी कुणी त्यांच्या माहितीत नव्हती.

सासूचं शास्त्र तसं सरळ होतं. आपण काय खाल्लं हे माणूस विसरतो, कधी कधी लपवतोही; पण शरीर प्रत्येक घासाची पोच देतं, आणि ती पोच दुसऱ्या दिवशी सकाळी गटारात येते. ज्वारी, बाजरी, डाळी, पालेभाज्या यांचा चोथा आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागला, की ते त्यातून एक खास द्रव्य तयार करतात. मैद्यावर दिवस काढणाऱ्याच्या लघवीत ते द्रव्य फारसं सापडत नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाच्या खुणा वेगळ्या, आणि मीठ तर लपतच नाही. डबीतल्या पातळ पट्टीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके होते. एकेक ठिपका एकेकाच द्रव्याला धरून ठेवायचा. धरलं की पट्टीतून वाहणारी वीज किंचित बदलायची, आणि त्या बदलावरून प्रमाण कळायचं. कुणा एका घराचं गुपित फुटू नये म्हणून शेकडो घरांचं पाणी जिथं एकत्र होतं तिथंच डबी बसवायची, असा नियम होता. सासू गल्लीचं सांगायची, सुनेचं नाही.

नुसतं मोजून पालिका थांबली असती, तर ती डबी बाकीच्या सरकारी वस्तूंसारखी धूळ खात पडली असती. पण मापाच्या पाठोपाठ धोरण आलं. शाळा, दवाखाना आणि एसटी स्टँड यांच्या दारातल्या खाण्याच्या जागा कुणाला द्यायच्या, ते गल्लीच्या मापावर ठरणार होतं. माप सुधारलं, तर तिथल्या गाडेवाल्यांना पालिकेच्या मंडईतून भाजी आणि कडधान्य स्वस्तात, पाणी फुकट आणि डोक्यावर पक्कं छत. माप बिघडलं, तर तळणाऱ्या गाड्यानं शाळेच्या दारातून उठायचं. पोरांच्या वाटेत काय खायला उभं राहावं हे पालिकेनं ठरवायचं, आणि ते नीट ठरलं की नाही ते सासूनं सांगायचं.

हे धोरण महासभेत आणलं ते पौर्णिमा तोडकरनं. ती प्रभाग अकराची नगरसेविका आणि आरोग्य समितीची सभापती. आणि तिच्याच प्रभागात, पालिकेच्या शाळेच्या दारात, गावातला सगळ्यात नावाजलेला वड्याचा गाडा होता. गाड्याचा मालक भालचंद्र खाडे, म्हणजे भालूदादा, हा तिचा सख्खा थोरला भाऊ.

वडील गेले तेव्हा भालूदादा त्याच शाळेत शिकत होता. तो शाळेच्या आतून दारात आला आणि तिथंच कढई लावून उभा राहिला. पौर्णिमा मात्र आतच राहिली, पुढं कॉलेजात गेली, निवडून आली. तिच्या अंगावरचा प्रत्येक गणवेश त्या कढईतून निघाला होता, आणि हे ती कधी विसरली नाही. भाषणात कुणाचे आभार मानायचे झाले तर ती पहिल्यांदा त्या कढईचे मानायची. लोक हसायचे आणि टाळ्याही वाजवायचे.

धोरण आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही भावाला पाठीशी घालणार. तसं झालं नाही. दादानं चार दिवस आदळआपट केली, मग मुकाट्यानं वडे कमी केले, रोज ताजं तेल वापरायला लागला, आणि मटकीची उसळ, ज्वारीचं थालीपीठ गाड्यावर आणलं. पोरांनी नाकं मुरडली, मग चाटूनपुसून खाल्लं. दादानं बहिणीकडं एवढंच मागितलं, की उपवासाच्या दिवशी तरी सासूला आड येऊ देऊ नकोस. संकष्टीचा त्याचा साबुदाणा वडा खायला शेजारच्या गावाहून माणसं यायची. पौर्णिमानं धोरणाला एक उपसूचना जोडली : 'उपवासाच्या दिवसांचे माप हिशेबात धरू नये.' सभेनं ती बाकं वाजवून मंजूर केली. देवाशी वाकडं कोण घेणार?

पुढची तीन वर्षं प्रभाग अकराचं माप गावात पहिलं येत राहिलं. आणि तिथंच घोटाळा झाला.

भाद्रपदात, गणपती उठल्यावर, महापालिकेच्या आरोग्य अधिकारी डॉ. नझीमा मुजावर पौर्णिमाच्या केबिनमध्ये आल्या. बाई कामाला वाघ होत्या, बोलायला मात्र मऊ.

"मॅडम, तुमचा प्रभाग मला झोपू देत नाही," त्या खुर्ची ओढत म्हणाल्या.

"का हो? आमचं माप तर पहिलं आहे."

"माप पहिलं आहे, आणि दवाखान्यात साखरेचे पेशंटही तुमचेच पहिले आहेत. बाकी सगळीकडं कमी झाले, तुमच्याकडं हलायला तयार नाहीत. जखमा चिघळतात, बोटं कापावी लागतात. खाणं सुधारलं असेल तर हे व्हायला नको."

त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर एक आलेख लावला.

"सासू अजून एक गोष्ट मोजते. साखरेची जी गोळी आपण दवाखान्यातून फुकट देतो, ती शरीरात मोडत नाही. जशी पोटात जाते तशीच लघवीतून बाहेर येते. म्हणजे गल्लीनं गोळ्या घेतल्या की नाही, हे चेंबरला समजतं. ही बघा तुमच्या शाळेच्या गल्लीची रेष. सरळ आहे. लोक गोळी घेतात, चांगलं खातात, आणि तरी आजारी पडतात."

मग डॉक्टर पडद्याकडं बघतच म्हणाल्या, "माप चांगलं असलं तरी दवाखान्याचा आकडा असाच राहिला तर नियमाप्रमाणे मला शिफारस करावी लागेल. शाळेच्या दारातला तळणीचा शेवटचा गाडा उठवायची."

तो गाडा कुणाचा हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून नाव कुणीच घेतलं नाही. पौर्णिमा उठून पडद्याजवळ गेली. रेष सरळ होती खरी, पण सलग नव्हती. मध्ये मध्ये ती नाहीशी व्हायची आणि पुढं पुन्हा सुरू व्हायची.

"ही तुटते का?"

"ते दिवस हिशेबात नाहीत. तुमचीच उपसूचना आहे."

"पण त्या दिवसांचं माप घेतलेलं असतं ना?"

"सासूनं मोजणं थांबवलेलं नाही. आपण बघणं थांबवलं," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी गाळलेले दिवस पडद्यावर आणले.

रेषेत खड्डेच खड्डे पडले. बारीक खड्डे दर गुरुवारी आणि दर एकादशीला. दर महिन्याला एक जरा मोठा, आणि श्रावणात तर सोमवारही खचलेले. गेल्या वर्षीच्या आश्विनात एक एवढा रुंद, की रेष तळाला जाऊन बसलेली. आणि जिथं जिथं गोळीची रेष खाली जात होती, तिथं तिथं तेलाची रेष वर चढत होती.

"हा मोठा खड्डा बघून मला वाटलं, दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या असतील," डॉक्टर म्हणाल्या. "पण साठा भरपूर होता."

पौर्णिमानं खड्ड्याच्या एका काठावर बोट ठेवलं. "ही घटस्थापना." मग दुसऱ्या काठावर. "आणि हा दसरा."

डॉक्टर कपाळाला हात लावून हसल्या. "आमच्या शेजारी जोशीकाकू होत्या. संकष्टीला त्यांच्या खिचडीची वाट त्यांच्यापेक्षा आम्हीच जास्त बघायचो. त्यामुळं तेलाचं मला समजलं. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, पोटात गेलं की त्याची साखर होते, हेही समजलं. पण मग त्याच दिवशी गोळी का बंद? गोळीनं उपवास मोडतो असं वाटतं का लोकांना?"

"छे हो. चहा चालतो, तंबाखू चालते. गोळीनं काय मोडतंय?"

कारण दोघींनाही सापडेना. पौर्णिमाच्या मनात मात्र दुसरंच काहीतरी घोळत होतं. हे गाळलेले दिवस तिनं महासभेपुढं उघडे केले, तर दादाचा साबुदाणा वडा उघडा पडणार होता, आणि त्याच्याबरोबर जागाही जाणार होती. ती गप्प बसली तर सभापती म्हणून हा विषय वर्षभर पुढं ढकलणं तिच्या हातात होतं. आणि त्या वर्षभरात अजून काही माणसांची बोटं जाणार होती.

"संकष्टी झाल्यावर महासभा आहे," ती म्हणाली. "तोपर्यंत मला वेळ द्या."

संकष्टीला दिवस मावळायच्या आधी ती गाड्यावर गेली. नेहमीसारखी झुंबड होती. दादा एका हातानं वडे सोडत होता, दुसऱ्या हातानं काढत होता, आणि मधूनच एक स्वतःच्या तोंडात टाकत होता. तिला बघून त्यानं मान हलवली. ती कढईच्या मागच्या बाजूला गेली तेव्हा तिला त्याचा डावा पाय दिसला. अंगठ्याला फडकं गुंडाळलं होतं, आणि त्यातून पाणी पाझरत होतं.

"पायाला काय झालं?"

"काय न्हाई. तेलाचा थेंब पडला हुता."

"कधी?"

"आखाडात."

आषाढ संपून श्रावण गेला, गणपती आले आणि उठलेही. दादालाही साखर होती, आणि जखम अजून भरली नव्हती.

"दादा, आज साखरेची गोळी घेतलीस का?"

दादानं झारा थांबवून तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू तिनं आज मटण खाल्लंस का असं विचारलं होतं.

"आज संकष्टी न्हवं का?"

"मग?"

त्यानं खिशातून दवाखान्याचं कागदी पाकीट काढून तिच्या हातात दिलं. "वाच. काय लिवलंय?"

पाकिटावर पालिकेचा शिक्का होता आणि खाली छापलेलं होतं : 'सकाळी १, रात्री १. जेवणानंतर.'

"जेवान कुठं झालंय आज?" दादा म्हणाला. "राती चंद्र बघून जेवायचं, तवा रातीची घिईन. सकाळची न्हाई घ्यायची. गुरुवारी तर जेवानच न्हाई. आन् नवरात्रात नऊ दिवस न्हाई."

"आणि हे आता काय खातोयस?"

"ह्यो फराळ," दादा म्हणाला, आणि त्यानं अजून एक वडा तोंडात टाकला.

पौर्णिमानं रांगेकडं बघितलं. मग एकेकाला विचारत गेली. साखर असलेल्या सगळ्यांनी तेच सांगितलं. रिक्षावाल्यानं सांगितलं, शाळेतल्या सेविकेनं सांगितलं. दोन वड्यांची बशी हातात धरलेल्या एका बाईंनी तर तिलाच समजावलं, "ताई, रिकाम्या पोटी गोळी घेतली की चक्कर येते. डॉक्टरांनीच सांगितलंय." पौर्णिमाला हसूही आलं आणि रडूही आलं. अख्खी गल्ली डॉक्टरांचा शब्द तंतोतंत पाळत होती. फक्त डॉक्टरांच्या मनातलं जेवण आणि गल्लीच्या मनातलं जेवण वेगळं होतं.

गर्दी ओसरल्यावर तिनं दादाला सगळं सांगितलं. गाळलेले दिवस, त्यातले खड्डे, तेलाची चढती रेष आणि महासभा.

दादाचा चेहरा लाल झाला. "म्हंजे माझ्या मुतावर पाळत ठेवलीस व्हय तू?"

"तुझ्या एकट्याच्या नाही. सगळ्या गल्लीच्या."

"आन् हे सभेत सांगणार?"

"सांगावं लागंल."

"म्हंजे जागा जाणार."

"जाईल कदाचित."

दादानं कढईखालचा गॅस बंद केला. मग हळू आवाजात म्हणाला, "ह्या जागेनं तुला वाढवलं, पुने."

"जागेनं न्हाई, दादा. तू वाढवलंस," पौर्णिमा म्हणाली. "मला तू पायजेस. पायासकट."

दुसऱ्या दिवशी तिनं वहिनीला बरोबर घेऊन त्याला दवाखान्यात नेलं. डॉ. मुजावरांनी स्वतः जखम साफ करून पट्टी बांधली, आणि अजून उशीर झाला असता तर अंगठा गेला असता असं स्पष्ट सांगितलं. दादा डॉक्टरांशी बोलला, वहिनीशी बोलला, पण बहिणीशी एक अक्षर बोलला नाही.

महासभेच्या दिवशी पौर्णिमानं गाळलेल्या दिवसांचा आलेख सगळ्यांपुढं लावला. उपसूचना आपणच आणली होती, ती का आणली होती, आणि तिच्यामुळं काय दिसायचं राहून गेलं, हे तिनं कुठलीही मखलाशी न करता सांगितलं. ती उपसूचना रद्द करावी आणि फराळालाही जेवण धरून पाकिटावरचा मजकूर बदलावा, असा ठराव तिनं मांडला.

पहिला अर्धा भाग कुणी ऐकलाच नाही. सगळे दुसऱ्यावर तुटून पडले.

"उपवासाच्या दिवशी माणूस जेवतो, असं पालिकेनं छापायचं?" प्रभाग सातचे निंबाळकर उठून म्हणाले. "फराळ म्हणजे जेवण नव्हे. हे लहान पोरालाही ठाऊक आहे."

"बरोबर आहे," पौर्णिमा म्हणाली. "तेच ठाऊक असल्यामुळं हे झालंय."

"खिचडी म्हणजे जेवण का?" मागून कुणीतरी विचारलं.

"वाटीभर असली तर फराळ," दुसऱ्यानं खुलासा केला.

"आणि तुम्ही खाता तेवढी असली तर?"

सभागृह हसलं. एका ज्येष्ठ सदस्यांनी भाकरी असेल तरच ते जेवण अशी व्याख्या केली, तेव्हा भातखाऊ प्रभागांच्या भावना दुखावल्या. महापौरबाईंनी घंटी वाजवली. निंबाळकर पुन्हा उठले आणि त्यांनी नेमका नको तो प्रश्न विचारला.

"उपवासाचे दिवस हिशेबात धरले, तर शाळेच्या दारातला गाडा उठणार. तो सभापतींच्या भावाचा आहे. त्याचं काय करणार?"

"जे नियमात आहे ते," पौर्णिमा म्हणाली. ती खाली बसली.

तेवढ्यात वरच्या प्रेक्षक गॅलरीत खुर्ची सरकली. भालूदादा उभा होता. त्याला बघून तिला धक्काच बसला, कारण तो येणार आहे हे तिला माहीत नव्हतं.

"म्या बोलू का?" त्यानं विचारलं.

गॅलरीतून बोलायची पद्धत नव्हती. पण दादाचा वडा न खाल्लेला माणूस सभागृहात नव्हता. महापौरबाईंनी नुसती मान हलवली.

"म्या गोळी चुकवली न्हाई," दादा म्हणाला. "एवढंच सांगायचं हुतं. ह्या आठ दिसांत जो तो मला म्हणतोय, भालू, गोळी का चुकवलीस. म्या तुमी लिवलं तसंच केलं. जेवणानंतर म्हणलात, जेवलो तवा घेतली. न्हाई जेवलो, तवा न्हाई घेतली. आमच्या गल्लीत समदी अशीच हाईत. तुमचं ऐकणारी हाईत. तवा आता फराळानंतर घ्या असं लिवा, आमी तशी घेतो. आन् जागेचं म्हणाल, तर साबुदाणा वडा म्या कालपास्नं बंद केलाय. नवरात्रात बघा की सासू काय म्हणती ती."

सुरुवातीला लोक हसले होते, पण तो खाली बसला तेव्हा कुणी हसत नव्हतं. ठराव एकमतानं मंजूर झाला. निंबाळकरांनीसुद्धा हात वर केला. उपवासाचे दिवस हिशेबात आले, आणि शाळेच्या दारातल्या जागेचा निर्णय नवरात्राच्या मापावर सोडण्यात आला. पाकिटावर नवा मजकूर छापला : 'काहीही खाल्ल्यावर. फराळ केला तरी.' त्याखाली डॉ. मुजावरांनी बारीक अक्षरांत घालायला लावलं, की इंजेक्शन घेणाऱ्यांनी उपवासाआधी दवाखान्यात विचारावे.

घटस्थापनेला दादाच्या गाड्यावर कढई नव्हती. उकडलेली रताळी होती, दह्यातली काकडीची कोशिंबीर होती, राजगिऱ्याची भाकरी आणि वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी होती. पहिल्या दिवशी शेजारच्या गावाहून आलेली मंडळी तोंड वाकडं करून परत गेली. दादा दिवसभर रिकाम्या बाकाकडं बघत बसला. पौर्णिमा येऊन भाकरी खाऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दादानं नवीन पद्धत सुरू केली. बशी पुढं करताना तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून एकच शब्द विचारायचा, "गोळी?" साखर नसलेली माणसं चक्रावायची. असलेली गुपचूप खिशात हात घालायची. तिसऱ्या दिवसापर्यंत शाळेतल्या पोरांनी ते उचललं, आणि मधल्या सुट्टीत गल्लीभर नुसतं "गोळी?" ऐकू यायला लागलं. घराघरांतल्या आज्या-आजोबांना ते चुकवता येईना. हळूहळू बाक भरला. आमटी संपायला लागली. एक दिवस निंबाळकर आले, चव बघतो म्हणाले, आणि दुसऱ्यांदा मागून खाऊन गेले.

माप रोज सकाळी येत होतं, पण पौर्णिमानं ते बघितलं नाही. शेवटीच एकदा सांगा, असं तिनं डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी डॉ. मुजावरांचा फोन आला. त्या नेहमीपेक्षा भरभर बोलत होत्या. "खड्डा नाही, मॅडम. एकही दिवस नाही. मागच्या आश्विनात रेष जिथं तळाला गेली होती, तिथं ती यंदा सरळ चाललीय, आणि तेलाची रेषही चढलेली नाही. मी शिफारस लिहायला घेतलीय, गाडा उठवायची नाही, छत घालायची. तुम्ही शाळेपाशी या, मीही निघाले."

पौर्णिमानं फोन ठेवला. त्या रेषेत दादाची गोळी कुठली, हे कुणालाही सांगता येणार नव्हतं. शेकडो घरांच्या गोळ्यांत ती मिसळून गेली होती. तिला त्या सगळ्या घरांबद्दल एकदम माया वाटली. ज्यांनी ज्यांनी भाकरी खाल्ली, पाकीट नीट वाचलं आणि घोटभर पाणी प्यायलं, त्या सगळ्यांनी मिळून तिचा भाऊ वाचवला होता, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

ती शाळेपाशी पोहोचली तेव्हा डॉक्टर आधीच येऊन उभ्या होत्या. गाड्यावर खंडेनवमीची पूजा चालली होती. दादानं जुनी कढई घासून लख्ख केली होती. झारा, पळी, शेगडी, सगळं धुऊन मांडलं होतं, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं होतं. ज्या हत्यारानं पोट भरलं त्याचे आज उपकार मानायचे, म्हणून कढईला सगळ्यात मोठा हार होता.

कढईची पूजा झाल्यावर दादानं उरलेला हार आणि पाण्याची बादली उचलली, आणि तो गल्लीच्या तोंडाशी गेला. तिथं चेंबरचं लोखंडी झाकण होतं. त्यानं ते खसाखसा धुतलं, फडक्यानं पुसलं, हळदकुंकू वाहिलं आणि वर हार ठेवला. वहिनीनं पुढं होऊन उकडलेल्या रताळ्याचा नैवेद्य दाखवला. बघणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"मुजावर मॅडम," दादा म्हणाला, "तुमीबी एक फूल वाहा. तुमचंच हत्यार हाय."

डॉक्टरांनी फूल वाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या ते लपवत नव्हत्या.

मग दादानं एक रताळं खाल्लं, खिशातून पाकीट काढलं, त्यावरचा मजकूर शाळेत वाचतात तसा मोठ्यानं वाचला, आणि गोळी पाण्याबरोबर गिळली. संकष्टीपासून तो बहिणीशी धड बोलला नव्हता. आता तिच्याकडं वळून म्हणाला, "पुने, सासूला सांग. घेतली म्हणून."

"सांगायला कशाला पायजे?" पौर्णिमा म्हणाली. "उद्या सकाळी कळंल की तिला."

दादा हसला. तिनं पुढं होऊन, दसऱ्याला एक दिवस बाकी असतानाच, वाकून त्याच्या पायांना हात लावला. पट्टी निघाली होती. जखम भरत आली होती, कडेनं नवी गुलाबी कातडी धरली होती. अंगठा जागच्या जागी होता. तिचा नमस्कार जरा जास्तच वेळ चालला, पण दादानं पाय मागं घेतला नाही.